लग्न लागल्यानंतरचा एक तास



दिवाळीआधी धाकट्या जाऊबाई एक कागद घेऊन आल्या. आमच्या पुतणीचं लग्न यंदा ठरलंय, व्याही मूळचे आपल्याच सैतवाळ समाजातले पण दोन पिढ्या पुण्यात राहिलेले. लग्न मात्र मुलीच्या गावी, म्हणजे इथेच आखाडा बाळापूरला, असं त्यांनी आनंदाने मान्य केलं. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्या मुलाने जो कागद पाठवला त्यात असं होतं : मुहूर्त दुपारी ४, कॉकटेल अवर ५ ते ६, डिनर ६.३०. आणि कॉकटेल अवरच्या पुढे कंसात 'लाइव्ह म्युझिक / डीजे – कळवावे'.

"ताई, हे तुम्हीच बघा बाई," जाऊबाई म्हणाल्या. "घरात चार तोंडं चार दिशेला झालीत."

मी लाल पेन घेतलं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी कुठलाही कागद आला की मी आधी लाल पेन घेते. पहिल्यांदा 'कॉकटेल' हा शब्द खोडला. अष्टमूलगुणात मद्यत्याग पहिला. ग्लासात कोकम सरबतच असणार आहे हे मला माहीत आहे, पण पत्रिकेसोबत जाणाऱ्या कागदावर आपण आपल्या हाताने तो शब्द कशाला लिहायचा? मग पेयांच्या यादीतलं 'जिंजर लेमन' खोडलं, आलं कंदमुळात येतं हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग जेवणाची वेळ खोडली. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाला पंगत म्हणजे घरातल्या निम्म्या माणसांनी उपाशी निजायचं. मुहूर्त तीनच्या आत, जेवण साडेचारला, असं गणित मांडलं. त्यात पावणेचार ते साडेचार असा पाऊण तास मोकळा राहिला. नवरा-नवरी फोटोत अडकलेले, पाहुणे खुर्च्यांवर, हातात सरबत.

आता त्या 'कळवावे'चं काय करायचं, हे मात्र लाल पेनाने सुटेना.

पुतणीला वाटत होतं, तिच्या मैत्रिणीचा भाऊ गिटार वाजवतो, त्याने हळू आवाजात वाजवावं. दिरांना डीजे हवा होता, कारण त्यांच्या मित्रांच्या सगळ्या लग्नांत होता. जाऊबाईंना काहीच नको होतं, डोकं दुखतं म्हणून. आणि आमच्या चुलत सासूबाई, ज्यांच्या सात प्रतिमा आहेत आणि ज्यांचा शब्द घरात कोणी ओलांडत नाही, त्या म्हणाल्या, "लग्नात वाजंत्री कशाला? नेमिनाथ भगवानांची गोष्ट विसरलात का गं तुम्ही सगळ्या?"

त्या वाक्याने मी जी बसले ती पंधरा दिवस वाचतच बसले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी त्या परदेशी तासाबद्दल थोडं. 'कॉकटेल' म्हणजे काय याची छापील व्याख्या अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रात १८०६ साली आली : दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. लग्नातला तो तास पुढे केव्हातरी रुळला, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. विधी संपला, जोडपं छायाचित्रांसाठी गेलं, जेवणाचं दालन अजून तयार नाही. तोवर आलेल्यांना ताटकळत कसं ठेवायचं? म्हणून हातात पेय आणि कानाला संगीत. म्हणजे तो तास कुणी हौसेने शोधलेला नाही, मधल्या रिकामपणाला दिलेलं ते नाव आहे. हे कळल्यावर मला बरं वाटलं. कारण असा रिकामा वेळ आपल्याही लग्नांत होता आणि आपल्याही बायकांनी तो कशाने तरी भरलाच होता.

आता नेमिनाथांची गोष्ट. आपण सगळ्या ती लहानपणापासून ऐकतो. जुनागढला राजुलचं घर, वरात आलेली, नेमिकुमार रथात. वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. हे कशासाठी, विचारलं. वऱ्हाडासाठी, असं उत्तर आलं. रथ फिरला तो गिरनारकडे. चुलत सासूबाईंचं म्हणणं, बघा, वाजतगाजत निघालेल्या लग्नाचं काय झालं.

पण ही गोष्ट जिथे सविस्तर येते तो दिगंबर परंपरेतला मोठा ग्रंथ म्हणजे जिनसेनांचं हरिवंशपुराण, शके ७०५ म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये पूर्ण झालेलं. मी त्याचं हिंदी भाषांतर आमच्या मंदिराच्या कपाटातून आणलं. आणि काय सांगू, त्याच पुराणात एक लग्न चक्क वीणेवर ठरलेलं आहे! नेमिनाथांचे काका वसुदेव चंपानगरीत येतात. तिथे चारुदत्त शेठजींच्या घरी गंधर्वदत्ता नावाची कन्या असते, आणि तिचा पण असा की जो मला संगीतात जिंकेल त्यालाच मी वरीन. वसुदेवांपुढे एकेक वीणा ठेवली जाते आणि ते प्रत्येकीत दोष काढतात. (हा भाग वाचताना मला साडीच्या दुकानातल्या आमच्या सगळ्या नणंदा आठवल्या.) शेवटी मनासारखी वीणा मिळते, ते वाजवतात, जिंकतात, लग्न होतं. तिथे जिनसेनांनी स्वर, ग्राम, मूर्च्छना यांचं एवढं शास्त्र सांगितलंय की मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण एवढं कळलं की ज्या आचार्यांनी नेमिनाथांचं वैराग्य लिहिलं, त्यांना संगीत वैऱ्यासारखं वाटत नव्हतं. काकांचं लग्न वीणेने जुळलं आणि पुतण्याचं आक्रोशाने मोडलं, दोन्ही एकाच ग्रंथात, एकाच घराण्यात.

म्हणून मी चुलत सासूबाईंना म्हटलं, "काकी, भगवानांनी वाद्यं ऐकून रथ नाही फिरवला. वाद्यं चालू असतानासुद्धा त्यांना पशूंचं रडणं ऐकू आलं, म्हणून फिरवला." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि नीलांजना?"

काकींशी वाद घालणं सोपं नाही.

नीलांजना दुसऱ्या जिनसेनांच्या आदिपुराणात आहे. हे जिनसेन नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. ज्या राष्ट्रकूटांच्या काळात वेरूळची कामं झाली तेच हे घराणं. ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नाचत असते, नाचता नाचताच तिचं आयुष्य संपतं. इंद्र क्षणात तशीच दुसरी नर्तकी उभी करतो, सभेला काहीच कळत नाही. ऋषभदेवांना मात्र कळतं. तिथून त्यांचं मन संसारातून उठतं. खरं आहे, ही गोष्ट अंगावर येते. पण त्याच आदिपुराणात ऋषभदेव आपल्या मुलांना विद्या वाटतात तेव्हा ब्राह्मीला लिपी मिळते, सुंदरीला अंक मिळतात, आणि वृषभसेनाला गंधर्वशास्त्र, म्हणजे गाणं-वाजवणं. आपल्या घरातल्या हिशोबाच्या वह्या आपण सुंदरीच्या नावाने मिरवतो, मग वृषभसेनाचा वाटा टाकून कसा देणार?

समवसरणाचं चित्र तर प्रत्येकीने पाहिलेलं आहे. अष्टप्रातिहार्यांत अशोकवृक्ष, सिंहासन, छत्र, चामर, भामंडल, पुष्पवृष्टी, दिव्यध्वनी, आणि देवदुंदुभी. भगवंतांच्या सभेतही दुंदुभी आहे.

दुंदुभी म्हटल्यावर जाऊबाईंनी चामड्याचा प्रश्न काढलाच. चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवून आपण मंदिरात जातो, मग तबला-ढोलकी लग्नात कशी? प्रश्न खरा आहे आणि मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. पंचकल्याणक पूजेच्या मिरवणुकीत ढोल-ताशा वाजतो तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडत नाही, लग्नाच्या वेळी पडतो, एवढं मी त्यांना दाखवलं. त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही आणि मीही त्यांना दोष देत नाही. सनई लाकडाची असते, तिची पत्ती गवताची. तिथे आमचं एकमत झालं.

आणखी एक गोष्ट सापडली ती फक्त माझ्या स्वतःच्या आनंदासाठी सांगते, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. भारतीय संगीतावरचा सर्वांत मोठा मानला जाणारा ग्रंथ, 'संगीतरत्नाकर', आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला. तेराव्या शतकात, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने. त्याचे पूर्वज काश्मिरातून आले होते. आणि त्याचा हुद्दा काय? श्रीकरणाग्रणी! राजाच्या हिशोबखात्याचा प्रमुख! दिवसा जमाखर्च आणि मग श्रुती-स्वर. त्याच्या जवळपासच्या काळात 'संगीतसमयसार' लिहिणारा पार्श्वदेव तर दिगंबर जैन होता. माझ्या कॉलेजात अकाउंटन्सी शिकवताना कुणी हे सांगितलं असतं तर मी अजून पाच मार्क जास्त मिळवले असते.

हे झालं ग्रंथांचं. आपल्या गावातल्या लग्नांचं काय?

आपल्या भागात लग्नाचं वाजप म्हणजे सनई, तिला साथ द्यायला नुसता एकच स्वर धरून बसणारी दुसरी सनई, तिला 'सूर' म्हणतात, आणि संबळ किंवा चौघडा. परण्या मारुतीला निघाला की पुढे डफडं, हलगी. ही माणसं गावचीच असत. सुगीला त्यांना खळ्यावर धान्य मिळायचं, लग्नात सुपारी, शिधा आणि एखादं धोतर. आपल्या घरातली लग्नं जैन पद्धतीने, यंत्रपूजा, जैन मंगलाष्टकं, सगळं वेगळं. पण मांडवाच्या दारातली सनई मात्र शेजारच्या मराठ्याच्या, कोमट्याच्या, वाण्याच्या दारातली तीच. त्या काळी गावात कुणाकडे लग्न आहे हे पत्रिकेआधी सनईने कळायचं.

माझ्या सासूबाईंच्या लग्नात मात्र ती वाजली नाही.

त्यांचं लग्न १९४८ च्या उन्हाळ्यातलं. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि रझाकारांची दहशत खेड्यापाड्यांत पोचलेली. आपल्या बाजूची कितीतरी कुटुंबं पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडकडे जाऊन राहिली होती. तिकडे इंग्रज गेलेले, इकडे मात्र अजून निजाम. व्यापाऱ्याच्या घरी लग्न आहे म्हणजे घरात दागिना आहे, रोकड आहे, माणसं जमली आहेत, हे सनईने चार गावांना कळवायचं कोण? म्हणून आतल्या माजघरात, दार लावून, पंधरा-वीस माणसांत लग्न लागलं. पंडितांनी मंगलाष्टकं हलक्या आवाजात म्हटली. घाणा भरताना, हळद दळताना बायका जी गाणी म्हणतात ती ओठातल्या ओठात. पुढे चार दिवसांत सगळे नदीपलीकडे. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं, त्यानंतर घरी परतले.

सासूबाईंनी त्या दिवसांच्या भीतीबद्दल फार सांगितलं नाही. एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या : "माझं लगीन मुकं झालं." त्यांच्या चारही मुलांच्या लग्नात दारात सनई बसलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. बाकी त्या कशाचाच हट्ट करत नसत. रोज मंदिर, अष्टमी-चतुर्दशीचा उपवास, पाणी गाळून, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. अशा बाईला वाजंत्रीची हौस होती असं कुणी म्हणणार नाही. म्हणून 'काही वाजवूच नका, तेच जास्त धार्मिक' असं कुणी म्हटलं की मला ते माजघर आठवतं.

माझं स्वतःचं लग्न १९८१ चं, परभणीला. तोवर पितळी बँड मोठ्या घरांत रुळला होता. हा बँड मुळात पलटणींचा. आपल्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती फौज १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली. देशभर अशा छावण्यांमधून कॉर्नेट, क्लॅरिनेट, मोठे ढोल लोकांच्या कानांवर पडले आणि संस्थानिकांच्या दारातून हळूहळू लग्नांच्या वरातींत आले. लाल डगला, सोनेरी फीत. माझ्या वरातीपुढे सिनेमाची गाणी वाजत होती आणि दोन्ही बाजूंनी बायका डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालत होत्या. मी घोड्यावर नव्हते, मोटारीत होते, त्यामुळे काचेतून मला त्यांचे चेहरे जवळून दिसत होते. एकीच्या कपाळावर चुंबळीखालून घाम उतरत होता. ती माझ्याच वयाची होती.

त्या लग्नातला आणखी एक प्रसंग मी आजवर कुठे लिहिला नव्हता. लग्न लागल्यावर पंगतीची तयारी होईपर्यंत, म्हणजे हाच तो मधला तास, सनईवाले दारात वाजवत होते. पंगती उठत गेल्या. वडिलांकडचे, सासरकडचे, गावातले, मग आचारी, मग वाढपी. दिवस मावळायला आला. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल बंद. रात्री माझ्या वडिलांच्या लक्षात आलं की वाजंत्री जेवलेच नाहीत. त्यांना बुंदी आणि शेव बांधून दिली, पैसे दिले, त्यांनी हात जोडले आणि ते गेले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आपण मुंगीला जपतो, पाणी गाळतो, आणि दिवसभर ज्यांनी फुंकून फुंकून गाल दुखवले त्यांना मांडवात बसवत नाही, यात जातीचा भाग होता हे मी आज झाकून ठेवणार नाही. आपल्या समाजात सुधारणा झाल्या. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ पासून काम करते आहे, समाजाच्या परिषदांतून बालविवाह, कन्याविक्रय, लग्नातली उधळपट्टी यांविरुद्ध बोललं गेलं. आमच्या घरी ती सुधारणा पोचली तेव्हा पहिली काटछाट वाजंत्र्यांच्या सुपारीत झाली. सोन्याच्या खात्याला कुणी हात लावला नाही. जुन्या वह्या माझ्याकडे आहेत, म्हणून सांगते.

बायकांच्या गाण्यांबद्दल मी फार लिहू शकत नाही, कारण मला ती येत नाहीत. सासूबाईंना येत. घाण्याची, हळदीची, विहिणीला चिमटे काढणारी. पंगत बसेपर्यंतचा वेळ दोन्हीकडच्या बायका एकमेकींवर गाणी टाकून काढत. कुणाची विहीण जाड, कुणाची कंजूष. पुण्याला गी पॉइटविन आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त झाल्या. सासूबाईंच्या एकाही गाण्याची नोंद मी केली नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही बिस्मिल्लाखाँची सनई लावत होतो.

आणि आता डीजे. मागच्या वर्षी माघात आमच्याच नात्यात एक लग्न झालं. कुठल्या गावी ते सांगत नाही. लग्न लागल्यावर मंडपात मोठे काळे खोके सुरू झाले. नियम काय आहे हे मला माहीत आहे : ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी, वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. दुपार होती, त्यामुळे वेळेचा प्रश्न नव्हता, आणि मर्यादा मोजणारं तिथे कोण होतं? छातीत धडधड जाणवत होती. माझ्या मोठ्या नणंदबाई जिंतूरहून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या सहा वर्षं कुठेच गेल्या नव्हत्या. आम्ही दोघी हात हातात घेऊन खुर्च्यांवर बसलो. लग्न होऊन मी आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलल्या त्या त्याच. त्या माझ्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "काय?" त्या पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं हसून हात हलवला, असू दे म्हणून. मग जेवणं झाली, त्यांची गाडी निघाली.

भाद्रपदात त्या गेल्या. दसलक्षण पर्वातला सहावा दिवस होता.

त्या काय म्हणाल्या असतील, हे मी अजून मनात फिरवते. बहुतेक साधंच काहीतरी असेल, साडीबद्दल, तब्येतीबद्दल. पण ते मला ऐकायचं होतं.

हे मी घरात सांगितलं तेव्हा दिरांनी डीजेचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांचीही ती सख्खी बहीण.

तर असं ठरलं. पाहुणे यायला लागल्यापासून लग्न लागेपर्यंत दारात सनई, माइकशिवाय. सासूबाईंसाठी. अक्षता पडल्यावर थोडा वेळ वाजेल आणि मग थांबेल. तो पाऊण तास, पावणेचार ते साडेचार, मंडपात काही वाजणार नाही. खुर्च्या ओळीत न मांडता गोल मांडायच्या, म्हातारी माणसं मध्ये, सरबताचे ग्लास घेऊन मुलं फिरतील. पुतणी नाराज झाली. व्याह्यांना फोन केला तर विहीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, पण अगदी शांत शांत नाही का वाटणार? लोक म्हणतील काहीतरी राहून गेलं." त्यांचंही चुकीचं नाही, पुण्याच्या हॉलमध्ये मंद संगीत नसेल तर भांड्यांचे आवाजच ऐकू येतात. मी म्हटलं, बाळापूरला दोनशे नातेवाईक सहा वर्षांनी भेटतील तेव्हा शांतता राहिली तर माझं नाव बदला. शेवटी मधला मार्ग निघाला : गिटारवाला मुलगा आदल्या दिवशी मेंदीला वाजवेल. मेंदीला आम्ही म्हाताऱ्या तशाही लवकर झोपतो. काकींनी सनईला होकार दिला, मात्र चौघडा नको, नुसती सनई आणि सूर, असं त्यांनी बजावलं. चामड्याचा प्रश्न तिथे तेवढ्यापुरता मिटला. कायमचा मिटला नाही.

परवा सनईवाले बाबा घरी आले. त्यांच्या वडिलांनी आमच्या लग्नानंतरच्या गृहप्रवेशाला वाजवली होती. वय सत्तरीच्या पुढे, दम अजून आहे. मी वेळ सांगितली, एकला यायचं, साडेतीनला मोकळे. इसार किती विचारलं. त्यांनी आकडा सांगितला, मी घासाघीस केली नाही, जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "बाई, सनई वाजवीन मी. पण सूर धरायला माणूस नाही. भाऊ गेला. नातू बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, त्याला एका सुरावर तीन तास बसवत नाही."

पुतणी आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिने मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून दाखवलं. बाबांनी मोबाइल कानाशी धरला, डोळे मिटले, म्हणाले, "जरा खाली घे पोरी." तिने पट्टी खाली घेतली. "अजून जरा." असं दोघांचं बराच वेळ चाललं. तिथेच तिची नाराजी गेली असं मला वाटतं, पण मी विचारलं नाही.

जाताना मी त्यांना सांगितलं की साडेचारच्या पहिल्या पंगतीला त्यांनी आणि नातवाने आमच्या घरच्या माणसांसोबत बसायचं. ते "बघू बाई" म्हणाले. मी म्हटलं, बघू नाही, आमच्याकडे सूर्य मावळला की काही मिळत नाही, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा हसले.

संध्याकाळी लग्नाच्या वहीत नोंद केली. सनई, इसार रोख दिले, बाकी लग्नाच्या दिवशी. पाने वाढवली : दोन.